आमची वाटचाल: सेंटओएसनंतरचे सर्व्हर

ग्राहकांचे सर्व्हर उभे करायचे आणि वर्षानुवर्षं सांभाळायचे, हा आमच्या छोट्या कंपनीचा धंदा. सुरुवातीची कित्येक वर्षं ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हा प्रश्नच नव्हता. रेड हॅट कंपनीच्या विकत मिळणाऱ्या लिनक्सच्याच सोर्सपासून (मूळ कोडपासून) बांधलेली, फुकट आणि दहा वर्षं अपडेट मिळणारी सेंटओएस टाकायची, विषय संपला. 8 डिसेंबर 2020 ला जाहीर झालं की सेंटओएस 8 चे अपडेट 2029 पर्यंत नव्हे, तर 2021 च्या अखेरीलाच थांबणार. तेव्हापासून निवड हाच आमच्या कामाचा मोठा भाग झाला.

सेंटओएसची जागा घ्यायला अल्मालिनक्स मार्च 2021 मध्ये आली, रॉकी लिनक्स त्याच वर्षी जूनमध्ये. त्याच घराण्यातली ओरॅकल लिनक्स आधीपासून होतीच. इन्स्टॉल करून पाहिलं तर तिन्हींत फरक शोधावा लागतो. कमांड त्याच, कॉन्फिगच्या फाइली त्याच जागी. म्हणून वेगाच्या चाचण्या लावून निवड करण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. आम्ही तीन गोष्टी तपासतो: सोर्स कुठून येतो, जुनं हार्डवेअर चालतं का, आणि ग्राहकाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कोणतं नाव मान्य करते.

सोर्सचा मुद्दा जून 2023 मध्ये तापला. रेड हॅटने आपला सोर्स सर्वांसाठी फक्त सेंटओएस स्ट्रीममधून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या चालू कामातून, द्यायचं ठरवलं. त्यावर अल्माने हुबेहूब नक्कल करण्याचा आग्रह सोडला आणि रेड हॅटसाठी बांधलेले प्रोग्राम तसेच्या तसे चालतील एवढी सुसंगती राखायची, असं ठरवलं. रॉकी मात्र चुकांसकट जुळण्याच्या भूमिकेवर ठाम राहिली. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही. पण एखादी कंपनी ‘रेड हॅटशी तंतोतंत जुळणारी सिस्टीमच हवी’ असं लिहून देत असेल, तर आम्ही रॉकी घेतो. अल्माला त्या निर्णयामुळे स्वतःची दुरुस्ती आधी देण्याची मोकळीक मिळाली, आणि जुन्या हार्डवेअरबाबत तिचा आम्हाला फार उपयोग झाला.

रेड हॅटने आवृत्ती 8 पासून बऱ्याच जुन्या रेड (RAID) कंट्रोलरचे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डांचे, ड्रायव्हर कर्नेलमधून (सिस्टीमच्या गाभ्यातून) काढले. यंत्र ठणठणीत असतं, पण इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. अल्मा 9.4 मध्ये यातल्या अनेक उपकरणांना परत आधार मिळाला. बाकी ठिकाणी ईएलरेपो या बाहेरच्या भांडारातलं ड्रायव्हर पॅकेज लावावं लागतं, आणि कर्नेल अपडेट झाल्यावर ते चालतंय ना, हे दर वेळी पाहावं लागतं. बूट डिस्कच त्या कंट्रोलरवर असेल तर ही जोखीम आम्ही घेत नाही.

आवृत्ती 10 ला प्रोसेसर एक्स86-64-व्ही3 पातळीचा, म्हणजे एव्हीएक्स2 सूचनासंच असलेला लागतो. अल्मा त्याहून जुन्या व्ही2 पातळीसाठी वेगळी बांधणी देते, रॉकी देत नाही. व्हर्च्युअल मशिनवर इथे हमखास घोळ होतो: खालचा प्रोसेसर नवा असतो, पण मशिनला दिलेलं सीपीयू मॉडेल जुनं, त्यामुळे बूट होतानाच ग्लिबसी (जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम वापरतो ती मूळ लायब्ररी) ‘सीपीयू चालणार नाही’ म्हणून थांबते. मॉडेल ‘होस्ट’, म्हणजे खालच्या प्रोसेसरसारखंच, केलं की सुटतं. मात्र मग ते मशिन चालू असताना वेगळ्या पिढीच्या सर्व्हरवर हलवण्यावर बंधन येतं.

सगळ्यात जास्त काळजी डेटाबेसची. सेंटओएस 7 मध्ये ग्लिबसी 2.17 होती, आवृत्ती 8 मध्ये 2.28. या 2.28 मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेस या डेटाबेसची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नव्या सर्व्हरवर ठेवली तर डेटाबेस विनातक्रार सुरू होतो, पण मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स (नोंद पटकन शोधण्याच्या याद्या) जुन्या क्रमानेच असतात. मग असलेली नोंद सापडत नाही, युनिक कॉलममध्ये तीच किंमत दुसऱ्यांदा शिरते. लॉगमध्ये सहसा काहीच दिसत नाही, म्हणून हे भयंकर. डंप (सगळ्या डेटाची निर्यात) काढून नव्याने भरलं तर प्रश्न येत नाही. तेवढा वेळ बंद ठेवता येत नसेल तर ग्राहकांना आत सोडण्याआधी मजकुराचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करायचे, म्हणजे नव्याने बांधायचे. जुन्या-नव्या सिस्टीममध्ये फिजिकल रेप्लिकेशन (डेटा फाइलींची जशीच्या तशी नक्कल) लावून हळूच सरकण्याचा बेतही याच कारणाने फसतो. लॉजिकल रेप्लिकेशन (फक्त नोंदींतले बदल पाठवणं) चालतं.

आवृत्ती 9 मध्ये शा-1 या जुन्या पद्धतीच्या डिजिटल सह्या मुळातच नाकारल्या जातात. जुन्या किल्लीने सही केलेलं पॅकेज बसत नाही, जुन्या नेटवर्क स्विचवर एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही. क्रिप्टो पॉलिसीत, म्हणजे सुरक्षेच्या सामाईक सेटिंगमध्ये, शा-1 परत चालू करता येतं, पण ते पूर्ण सर्व्हरला लागू होतं. आम्ही आधी समोरचं उपकरण बदलता येतं का ते पाहतो.

जागच्या जागी आवृत्ती चढवायला अल्माचं एलिव्हेट आहे. ते एका वेळी एकच पायरी चढतं: 7 वरून 8, मग 9. बाहेरच्या रेपॉझिटरी (पॅकेजची भांडारं) जितक्या कमी, तितकं ते सुरळीत होतं. तरी महत्त्वाच्या सर्व्हरला आम्ही शेजारी नवं मशिन उभं करून डेटा हलवणंच पसंत करतो, कारण परत फिरायला जुनं मशिन तयार असतं. हलवल्यावर वेबसाइट 403 (प्रवेश नाकारला) दाखवू लागली तर फाइल परवानग्यांच्या जोडीला एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेचं लेबल पाहा. एमव्ही कमांडने आणलेली फाइल जुनं लेबल घेऊनच येते. रिस्टोरकॉन कमांड चालवली की ते दुरुस्त होतं. त्यासाठी एसईलिनक्स बंद करणं आम्हाला मान्य नाही.

ओरॅकल लिनक्स आम्ही प्रामुख्याने ओरॅकलच्याच डेटाबेससाठी वापरतो. तिच्यात दोन कर्नेल येतात. बाहेरच्या कंपनीचा ड्रायव्हर असेल तर रेड हॅटशी जुळणारं कर्नेल निवडून बूट करायचं.

एकच काम करणाऱ्या छोट्या मशिनना, म्हणजे डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) किंवा रिव्हर्स प्रॉक्सीला (वेबसाइटच्या पुढे उभा राहणारा सर्व्हर), वेगळ्या घराण्यातली डेबियन लिनक्स. तिथे तीन वर्षं नियमित आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (लांबवलेले अपडेट) असा पाच वर्षांचा हिशेब, पण पुढच्या आवृत्तीवर जागेवरच जाण्याची वाट चांगली मळलेली आहे. रेड हॅटच्या सवयीने येणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: डेबियनमध्ये सर्व्हरचं पॅकेज बसवताच ती सेवा सुरूही होते. फायरवॉल आधी, पॅकेज नंतर.