तुम्ही विचारलंत म्हणून: मुठेकाठी काय बघायला जाता?

"एवढा वास मारतो, तिथे काय बघायला जाता हो?" सोसायटीत, ऑफिसात, घरी पाहुणे आले की हमखास हा प्रश्न येतो, आणि पुण्यात राहून तो चुकीचाही नाही म्हणा.

खरं सांगायचं तर पुणेकर मुठा नदीकडे बघतो पावसाळ्यात, खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर, भिडे पूल पाण्याखाली गेला की मोबाइल काढून. पण धरणाचं पाणी एरवी नळाला आणि कालव्याला जातं, त्यामुळे पाऊस सरला की शहरातल्या पात्रात जे वाहतं ते बरंचसं आपलंच सांडपाणी, हे कळलं की नाकाला रुमाल लावून बोलायची जरा लाजच वाटते.

मी विठ्ठलवाडीच्या बाजूला जातो, काठ साफ करायला. पूर ओसरला की काठच्या करंजांच्या फांद्यांना चिंध्या, दुधाच्या पिशव्या, निर्माल्याच्या पिशव्या लटकलेल्या असतात, पाणी कुठवर चढलं होतं ते त्यावरूनच कळतं. त्या लगेच काढाव्या लागतात, नंतर उन्हाने प्लॅस्टिकचा भुगा होतो आणि हात लावला की सगळा मातीत. थंडीत धोबी पक्षी येतात, चिखलात शेपटी वरखाली करत किडे टिपतात, एवढ्या लांबून येऊन त्यांना हीच नदी कशी काय चालते कोण जाणे! जलपर्णी काढायची वेळही तीच, तेव्हा ती तुरळक असते. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती अशी फोफावते की उन्हाळ्यात हिरवा गालिचा आणि जांभळी फुलं, लोक म्हणतात किती छान, आणि खाली पाण्याला ना ऊन ना हवा. तेव्हा मग मशीनशिवाय इलाज नाही, आणि सांडपाणी शुद्ध न करता सोडणं थांबत नाही तोवर दरवर्षी हेच.

भर पावसात साफसफाई म्हणजे मात्र निव्वळ हौस, वर धोका वेगळाच. सगळ्यात उपयोगाचं काम मे महिन्यात, तेही नदीत नाही, नदीला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या तोंडाशी, कारण पहिला जोराचा पाऊस तिथला सगळा कचरा एका रात्रीत नदीत ढकलतो. पालापाचोळा आणि काठचं गवत राहू द्यायचं, प्लॅस्टिक तेवढं उचलायचं.

यायचं असेल तर मेमध्ये या, सकाळी लवकर, जाड हातमोजे घेऊन. ५ जूनला, पर्यावरण दिनाला नको, त्या दिवशी बॅनर धरायला माणसं भरपूर असतात.