मिनीव्हॅनच्या पोटाखालची गंजलेली नळी

डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. हिवाळ्यात मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला खडेमीठ पसरतात. त्यामुळे माणसं सुखरूप घरी पोचतात, पण गाड्या खालून गंजतात. आमच्या जुन्या मिनीव्हॅनची कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची नळी अशीच गेली.

या मोठ्या गाड्यांना मागच्या सीटसाठी वेगळा हीटर असतो. इंजिनात तापलेलं कूलंट दोन धातूच्या नळ्यांमधून तळाखालून मागे जातं आणि परत येतं. खारट चिखल या नळ्यांच्या पकडीच्या सापटीत साचून राहतो आणि नळी तिथेच कुजते. म्हणून ही गळती बॉनेट उघडून सापडत नाही. गाडीच्या मधोमध जमीन ओली दिसते आणि गोडसर वास येतो.

पूर्ण नळ्या बदलायच्या तर इथे मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर. एवढ्या वयाच्या गाडीत तेवढे पैसे घालणं पटेना. दुसरा उपाय स्वस्त होता: इंजिनाजवळच दोन्ही तोंडं एकमेकांना जोडून मागचा हीटर कायमचा बंद करायचा. पण मागच्या रांगेत मुलं बसतात, आणि इथल्या जानेवारीत ती ऊब चैनीची गोष्ट नाही.

मग कुजलेला तुकडाच कापला. चांगला धातू लागेपर्यंत मागे जायचं, टोकं घासून साफ करायची आणि मधे हीटरची रबरी नळी बसवायची. गुळगुळीत टोकावरून रबर दाबाखाली सरकतं, त्यामुळे टोकाला किंचित कड उठवली आणि प्रत्येक बाजूला दोन-दोन क्लॅम्प (नळी आवळायच्या कड्या) आवळले. सायलेन्सरच्या पाइपपासून रबर लांब राहील असं बांधलं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका. स्टँड लावलेच पाहिजेत. जोड गळतो का हे बघायला दाब तपासायचं यंत्र स्पेअर पार्टच्या दुकानातून अनामत भरून आणलं. परत केल्यावर पूर्ण पैसे मिळतात. ही सोय मला फार आवडते.

सांगलीहून आलेले बाबा शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "नुसतं पाणी घातलं तर चालणार नाही का रे? आपण जीपमध्ये तेच घालायचो."

"इथे नाही चालत बाबा. रात्रीत गोठेल."

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉकसुद्धा फोडू शकतं. ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घातलं की ते उणे ३७ सेल्सियसपर्यंत टिकतं.

खरा वेळ गेला तो हवा काढण्यात. मागच्या हीटरच्या लांब फेरीत हवा अडकून बसते. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढायचं, गाडीचं नाक उंच करून इंजिन चालू ठेवायचं, दोन्ही हीटर पूर्ण गरमवर लावायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहायचं. घाई केली तर मागून गार वारा येतो, आणि इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) जायची भीती.

सांडलेलं कूलंट मात्र लगेच टिपून घ्या. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. आमचं भांड्यात धरून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात दिलं.

शेजारच्या नळीवरही गंजाचे फोड दिसले. ती अजून गळत नाही, पण रबरी नळीचा एक तुकडा आणि चार क्लॅम्प जास्तीचे आणून ठेवलेत.