विटा फोडण्याआधीचे औषध

हाँगकाँगमधील एका हाडवैद्याच्या जुन्या दवाखान्यात आजची दुपार गेली. ‘लोहहस्त’ या हात कणखर करण्याच्या चिनी युद्धकलेतील साधनेबद्दलचे माझे कुतूहल विटा फोडण्यापुरतेच होते. तेथील वृद्ध गुरुजींनी मात्र बोलायला सुरुवात केली ती औषधापासून. करडईच्या पाकळ्या, हिराबोळ, लोबान आणि कितीतरी मुळ्या तांदळाच्या कडक दारूत महिनोन्‌महिने मुरवून केलेला हा काळपट अर्क, ज्याला कँटोनीज भाषेत ‘दित दा जाव’ म्हणतात, सरावाच्या आधी आणि नंतर हातांना चोळला जातो. सराव तरी कसला, तर मुगाने भरलेल्या कापडी पिशवीवर सैल सोडलेला हात नुसता पडू द्यायचा. खडे आणि लोखंडी छर्रे फार पुढे येतात. इतकी वर्षे हे करूनही गुरुजींचे तळहात मऊ होते, याचे मला नवल वाटले. भार पेलता पेलता हाड बळकट होते, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले होते, त्यामुळे ही सावकाशी मला पटते. अर्काविषयीचे सगळेच दावे मात्र मी मान्य करणार नाही. शिवाय अर्काच्या काही कृतींमध्ये बचनागाच्या कुळातील विषारी मुळे असतात, म्हणून तो पिण्यासाठी नव्हेच, आणि कातडी फुटली असेल तेथे लावायचाही नाही.