सुई कुठे घालायची

सोमवार, रात्री

बुलियनचा टाका आज हाताला बसला. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, फार तर दोन वेढ्यांचा लांब खांब, ठेंगण्यापासून उंच होत जाणाऱ्या एवढ्याच मूळ टाक्यांच्या भांडवलावर माझं क्रोशाकाम वर्षानुवर्षं चाललं होतं. रुमाल झाले, दाराची तोरणं झाली, भाचीच्या रुखवतासाठी जाळीची झाकणं झाली. ते काम मला अजूनही प्रिय आहे. पण या पावसाळ्यात ठरवलं की आता अवघड टाके नीट, मुळापासून शिकायचे.

खांबाला सुईवर दोऱ्याचा एकच वेढा असतो. बुलियनला सात, आठ, कधी दहा. मग सुई टाक्यात घालून दोरा वर ओढायचा, पुन्हा दोरा घ्यायचा आणि त्या सगळ्या वेढ्यांतून एका दमात सुई बाहेर काढायची. सगळे वेढे एका मापाचे असतील तरच ती सरळ निघते. आपल्याकडच्या बारीक स्टीलच्या सुया मुठीकडे जाड होत जातात, त्यामुळे मागचे वेढे मोठे होतात आणि पुढचे लहान. मेन रोडवरच्या दोऱ्यांच्या दुकानात आज मुद्दाम सुया उलटसुलट करून पाहिल्या आणि जिची दांडी बऱ्याच लांबीपर्यंत एकाच जाडीची आहे अशी निवडून आणली. फरक लगेच कळला.

सिन्नरच्या मावशीला फोन केला. तिने बुलियन आयुष्यात केलेला नाही, पण दोरा धरणं तिच्याइतकं कुणाला येत नाही.

"अगं, करंगळीला दोन वेढे घे, मग तर्जनीवरून सोड," ती म्हणाली. "आणि अंगठा वेढ्यांवर नुसता टेकव. दाबलास की दोरा अडलाच."

तसंच केलं. गुबगुबीत, गुळगुळीत दांडीसारखा टाका बाहेर आला. मग झोपेपर्यंत तेच करत बसले.

बुधवार

उठावाचे खांब. हे शिकताना माझ्या डोक्यात काहीतरी कायमचं सरळ झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

नेहमीचा खांब आपण खालच्या ओळीच्या डोक्यावर, त्या साखळीसारख्या दिसणाऱ्या वेणीत घालतो. उठावाच्या खांबात डोकं सोडून द्यायचं. सुई खालच्या खांबाच्या अंगाभोवती फिरवायची: पुढून आत, खांबामागून, पुन्हा पुढे. बाकी सगळं नेहमीच्या खांबासारखंच. पण तो खालचा खांब पुढे उचलला जातो, कापडावर उभी रेघ उमटते. हेच मागून केलं की खांब मागे ढकलला जातो. एक पुढचा, एक मागचा असं करत गेलं की स्वेटरच्या बाहीला असते तशी ताणली जाणारी पट्टी तयार होते.

पीळही यातूनच निघतात. दोन खांब सोडून पुढच्या दोघांभोवती विणायचं, मग मागे येऊन सोडलेल्या दोघांभोवती, आधीच्यांच्या पुढून. दोन जोड्या एकमेकींना ओलांडतात आणि वेणी दिसते. इथे साधा खांब पुरत नाही, कारण अंगाभोवती विणलेला टाका खालून सुरू होतो आणि त्याची उंची कमी पडते. शिवाय त्याला तिरकं जायचं असतं. म्हणून पिळाला लांब खांब घ्यायचे. पीळ फक्त सुलट्या ओळीत, उलट्या ओळीत साधे मुके खांब.

पीळ विणताना मला जे उमगलं ते असं. अवघड टाका म्हणून वेगळं काही नसतं. प्रत्येक टाक्याला चारच प्रश्न विचारायचे. सुई घालण्याआधी वेढे किती? सुई कुठे घालायची? एका वेळी किती लूपांतून, म्हणजे सुईवरच्या दोऱ्याच्या फासांतून, दोरा ओढायचा? आणि ओळ संपल्यावर काम फिरवायचं का? पॉपकॉर्न आणि पफ हे फुगीर टाके, मगरीच्या पाठीसारखे खवले, रंगीत मोझेक, सगळ्यांची उत्तरं या चारांत बसतात. त्यातही दुसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. वेणीचे दोन्ही धागे, नुसता पुढचा, नुसता मागचा, खांबाचं अंग, दोन खांबांमधली जागा, दोन ओळी खालचा टाका. एवढ्या जागांवर एक साधा मुका खांब घातला तरी दर वेळी निराळं कापड होतं. आज एकाच लोकरीचे असे छोटे तुकडे विणून ओळीने मांडले आणि खूप वेळ हात फिरवत राहिले. नुसत्या मागच्या धाग्यात विणलेल्या तुकड्याला आडव्या कडा येतात आणि तो छान लवचीक होतो. पुढे आयरिश क्रोशाच्या पानांसाठी हाच लागणार आहे.

शनिवार

ट्युनिशियन क्रोशा. लांब सुई, टोकाला अडसर. जाताना प्रत्येक टाक्यातून एक लूप उचलून सुईवर जमा करायचा, येताना दोन-दोन लूपांतून दोरा ओढत सुई रिकामी करायची. काम कधीच फिरवायचं नाही, सुलटी बाजू सतत समोर. यातला एक टाका तर थेट दोन सुयांवरच्या विणकामासारखा दिसतो. कापड घट्ट होतं आणि कडा वळते, म्हणून लोकरीला एरवी लागते त्याहून जाड सुई घ्यावी लागते. शाल-मफलरीला उत्तम. माझं मन मात्र यात रमलं नाही. मला जाळी हवी, आरपार दिसणारा उजेड हवा. सुई जपून ठेवते, थंडीत बघू.

रविवार

आज सबंध दिवस आयरिश क्रोशाचा. आत्तापर्यंत शिकलेलं सगळं जणू यासाठीच होतं.

आपल्या रुमालात एका साखळीपासून सुरुवात होते आणि फेरीमागून फेरी काम वाढत जातं. आयरिश कामात तसं नाही. गुलाब वेगळा, पान वेगळं, घड वेगळा. प्रत्येक नग सुटा विणायचा. कापडावर आकृती काढायची, तिच्यावर हे नग सुलटी बाजू खाली करून टाचायचे, मग मधल्या मोकळ्या जागा साखळ्यांच्या जाळीने भरत जायच्या. शेवटी कापडाच्या मागून टाचण्याचे टाके कापले की लेस सुटी होते. तुकडे कुठे ठेवायचे, जाळी कुठून कुठे न्यायची, हे कुणी लिहून देत नाही. विणणारी बाई दर वेळी बघून ठरवते.

नगांना उठाव येतो तो दोरीमुळे. जाडसर सुती दोरी टाक्यांच्या पोटात घेऊन तिच्यावरून मुके खांब विणायचे. मला हवी तशी दोरी मिळाली नाही, म्हणून त्याच दोऱ्याचे चार पदर एकत्र घेतले, आणि ते उत्तम चाललं. पान असं होतं: दोरीवर मुक्या खांबांची एक बाजू, टोकाशी वळण, मग दुसरी बाजू, आणि पुढे सगळं नुसत्या मागच्या धाग्यात, जाऊन येऊन. शिरा आपोआप उमटतात. पूर्ण झाल्यावर दोरीचं टोक हळूच ओढलं की पान एका अंगाला वळतं. किती वळवायचं ते आपल्या हाती. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी अक्षरशः ओरडले, आतून सगळे धावत आले.

जाळीतल्या गाठीचं नाव क्लोनिस नॉट. लूप जरा लांब ओढायचा, मग सुई त्या लूपाच्या खालून-वरून झुलवत दर वेळी दोरा पकडायचा, दहा-पंधरा वेढे झाले की सगळ्यांतून दोरा ओढून गाठ बुडाशी बांधून टाकायची. बुलियनवर घालवलेली संध्याकाळ इथे कामी आली. वेढ्यांवर अंगठा नुसता टेकवायचा, हे हाताला आता सांगावं लागत नाही.

क्लोनिस हे आयर्लंडमधल्या मोनाहन परगण्यातलं गाव. १८४५ पासून आयर्लंडभर बटाट्यावर रोग पडला, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. १८४७ मध्ये क्लोनिसच्या पाद्र्याची बायको कॅसँड्रा हँड हिने गावातल्या बायकांना क्रोशा शिकवण्याची सोय केली. दक्षिणेकडे कॉर्क भागात अर्सुलाइन या कॅथलिक पंथाच्या जोगिणींनीही हे काम शिकवलं. श्रीमंतांच्या अंगावर तेव्हा व्हेनिसची, शिवणाच्या सुईने केलेली लेस असे. ती करायला फार वेळ लागे. तिचं रूप क्रोशाने कितीतरी लवकर साधता येई, आणि त्यावर उपाशी घरांत पैसा येई. काम वाटून घेता येई, कुणी फक्त गुलाब करी, कुणी पानं, कुणी जोडणी. म्हणजे हे सुटे नग, ही जोडायची रीत, यामागे नुसती हौस नव्हती.

हे वाचताना नरसापूर आठवत राहिलं. आमची गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाजवळचं गाव. तिथेही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि आजही पंचक्रोशीतल्या बायका घरी बसून ती विणतात. त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण नगावर मिळणारी मजुरी अगदी तुटपुंजी, आणि नफा व्यापाऱ्याकडे. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही, दुकानात स्वस्तात मिळणारी खऱ्या क्रोशाची प्रत्येक पट्टी कुणाच्या तरी बोटांनी विणलेली असते. मी हौसेने एक गाठ बांधते तेव्हा तेवढ्याच वेळात कुणीतरी पोटासाठी तीच बांधत असेल. प्रदर्शनात भाव करणाऱ्या बायका पाहिल्या की मला राग येतो. यापुढे मी तिथे मोठ्याने बोलणार आहे.

मंगळवार

गुलाब. मधे दोऱ्याचे बरेच वेढे पेन्सिलीवर घेऊन केलेली कडी, तिच्यावर मुके खांब. मग साखळ्यांच्या सहा कमानी, प्रत्येकीवर एक पाकळी: मुका, अर्धा, काही खांब, अर्धा, मुका. दुसरा थर पहिल्याच्या मागून. पाकळ्यांच्या पाठीमागे जरा लांब साखळ्यांच्या कमानी करायच्या आणि त्यावर मोठ्या पाकळ्या. तिसरा थर आणखी मोठा.

इथे वर्तुळाचं गणित समजून घेतलं. खांबांचं सपाट वर्तुळ हवं तर साधारण बाराने सुरुवात करून दर फेरीला बारा वाढवायचे, मुक्या खांबांना सहा. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की झालर. झालर कशी वाढते ते समजून घेताना डायना टायमिना यांच्याबद्दल वाचलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या या गणिती बाईंनी १९९७ मध्ये नेमकं हेच केलं. ठरावीक टाक्यांमागे एक जादा, दर ओळीत, न चुकता. त्यातून हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे झालरीसारखं वळत पसरणारं भूमितीतलं पृष्ठ, हातात धरता येईल असं तयार झालं. तोवर विद्यार्थ्यांना कागदाच्या नाजूक, फाटणाऱ्या प्रतिकृतींवर भागवावं लागे. गुलाबाच्या बाहेरच्या पाकळीला थोडी झालर हवी, म्हणून मी तिथे दोन खांब वाढवले. शोभतात.

आकृत्यांचं वाचनही आता सरावाचं झालंय. साखळीला लंबगोल, मुक्याला फुली, खांबाला टी आणि जितके वेढे तितक्या त्याच्या अंगावर तिरक्या रेघा. इंग्लंड-अमेरिकेची नावं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून मी लिखित कृतीपेक्षा आकृतीच घेते. पुष्कळशा जपानी पुस्तकांतली आकृती भाषा न येताही विणता येते.

शुक्रवार

नग तयार आहेत. ओले करून, थर्माकोलवर टाचण्या लावून, साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवलेल्या बोळ्याने टिपून वाळवले. मावशीची खळ. दाट केली तर वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. पावसात वाळायला दीड दिवस लागला.

करायची आहे कॉलर, निळ्या खादीच्या कुर्त्यावर. काळ्या कापडावर खडूने आकार काढला आणि नग मांडून पाहिले. मोठा गुलाब मधोमध ठेवला तर दोन्ही बाजू सारख्या येतात आणि आरशातल्या प्रतिमेसारखं निर्जीव वाटतं. तो डाव्या बाजूला घेतला, उजवीकडे दोन छोटे, आणि वळलेलं पान मानेच्या कडेने. हे ठीक. जाळी साठ नंबरच्या दोऱ्याने, बारीक सुईने करेन. गाठ प्रत्येक कमानीत घालणार नाही, एकाआड एक. मान खाजता कामा नये.