सावली पडली आणि एलईडी पेटला

कॉलेजच्या रॉकेट टीमचं इलेक्ट्रॉनिक्स तपासून सोडणं हे माझ्याकडे असतं. त्या दिवशी पुण्याबाहेरच्या माळावर रॉकेट रेलवर चढवलं होतं आणि पोरांना उडवायची घाई झाली होती. माझी अट ठरलेली: पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या चार्जला, म्हणजे दारूला, ती पेटवणारा इग्नायटर सगळ्यात शेवटी जोडायचा. तोवर त्याच्या जागी साधा एलईडी. "सर, लॅबमध्ये सगळं चाललंय की!" अशी कुरकुर झालीच.

त्यांचा फ्लाइट कॉम्प्युटर हवेच्या दाबावर चालायचा. एमएस5611 सेन्सर दाब मोजतो. जमिनीजवळ एक मीटर वर गेलं की दाब साधारण 12 पास्कलनं घटतो, त्यावरून उंची काढायची. उंची वाढली म्हणजे रॉकेट उडालं. वाढायची थांबून घटायला लागली म्हणजे माथा गाठला, सोडा चार्जला करंट.

लॅपटॉपवर बघतो तर रॉकेट जागच्या जागी आणि उंची 18, 22, 25 मीटर! वारा म्हणावा तर पानही हलत नव्हतं. तेवढ्यात एक जण बोर्ड बघायला वाकला, त्याची सावली बोर्ड असलेल्या रॉकेटच्या नळीवर पडली, आकडा झपकन खाली आला आणि एलईडी लख्ख पेटला. इग्नायटर जोडलेला असता तर चार्ज त्याच्या तोंडासमोर उडाला असता. कुरकुर तिथेच थांबली.

बोर्डावरचे दिवे बाहेरून दिसावेत म्हणून नळी पारदर्शक पॉलीकार्बोनेटची घेतली होती. सेन्सरच्या टोपीला हवा आत जायला बारीक भोक असतं; त्यातून ऊन आतल्या सिलिकॉनवर पडलं की रीडिंग भरकटतं. लॅबच्या ट्यूबलाइटखाली हे कशाला दिसतंय?

एकाच्या हेडफोनचा स्पंज कापून सेन्सरवर बसवला. हवा जाते, उजेड जात नाही. (आयसी, म्हणजे चिप, खोचून येतात तो काळा फोम मुळीच लावू नये, त्यातून करंट वाहतो.) आकडा शून्याच्या आसपास शांत बसला.

तरीही उड्डाण मी रद्द केलं. नुसत्या दाबावर 'उडालं' ठरवणारा कोड मला मंजूर नव्हता. ॲक्सेलरोमीटरनंही, म्हणजे त्वरण मोजणाऱ्या सेन्सरनंही, सलग काही क्षण जोराचा धक्का नोंदवला पाहिजे. "सर, दहा मिनिटांत बदलतो," म्हणत एकानं लॅपटॉप मांडीवर ओढलाच. मैदानात बदललेला कोड त्याच दिवशी उडवायचा नाही, असं सांगून मी बॅटरी काढून खिशात घातली. जीपमध्ये कुणी माझ्याशी धड बोललं नाही.