कोजागिरीची तुळजापूर वाट

दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन झालं की तुळजापूरची आई झोपते. नऊ दिवस महिषासुराशी लढून दमलेली, म्हणून ही श्रमनिद्रा. भाद्रपदातली घोरनिद्रा आणि पौषातली मोहनिद्रा वेगळ्या. पौर्णिमेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर येते आणि ती पहाट गाठायला अर्धं सोलापूर रस्त्यावर उतरतं. रूपाभवानीला हात जोडायचे, तुळजापूर नाका ओलांडायचा, पुढे ४५ किलोमीटर.

आज्जी म्हणायची, आईला तुमच्या पावलांनी जाग येते. त्यामुळे आम्ही पोरं वाटभर ‘आई राजा उदो उदो’ करत ओरडायचो आणि घाट लागला की एकदम गप्प. तोंडाच्या आवाजानं ती दचकेल, पायांच्या आवाजानं हळूच उठेल, हा आमचा पक्का हिशोब. म्हणून घाटात बोलणं बंद आणि पाय मात्र जोरात आपटायचे. आज माहीत आहे की मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते, सीमोल्लंघनाला तिच्याभोवती साड्या गुंडाळून दिंड बांधतात, पलंग आणि पालखी नगरकडून येते, पुजारी तिला शेजघरात नेतात आणि तेच परत आणतात. सगळं माहीत आहे, आणि घाटात आवाज अजून आपोआप खाली येतो.

बहुतेक लोक चतुर्दशीच्या संध्याकाळी निघून रात्रभर चालतात. आमच्यात वयस्क बायका असतात, म्हणून आम्ही त्या दिवशी पहाटे तीनलाच निघतो. ताशी चार किलोमीटर धरा, थांबे वेगळे. नवी चप्पल किंवा बूट घालून कुणी येऊ नये, किमान पंधरा दिवस वापरलेलं पायताण हवं. नखं चार-पाच दिवस आधी कापावीत, आदल्या दिवशी कापली तर कोपरे टोचतात. बोटांच्या बेचक्यात आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन. मोजे दोन जोड, ओला झालेला जोड पिशवीला बाहेर लटकवून वाळवायचा. पिशवी दोन किलोच्या वर नको. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घोट घोट, तहान लागायच्या आधी. नुसतं पाणी ढसाढसा प्यायलं की घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, मळमळ सुरू होते.

हिप्परग्याचा तलाव अंधारातच मागे पडला. उळे, कासेगाव, चहा, केळी, पुन्हा चहा. तामलवाडीत ऊन चढलं.

शरदातलं आमच्याकडचं ऊन बाहेरच्या माणसाला कळत नाही. पहाटे शाल लागते आणि दुपारी डांबर पोळतं. अनवाणी चालणारे रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून एकामागे एक चालतात, कारण पांढरा रंग काळ्या डांबराइतका तापत नाही. पण पट्टा जेमतेम पावलाएवढा. त्यावर पाय नेमका ठेवण्याच्या नादात टाच तिरकी पडते आणि करंगळीखाली घर्षण वाढतं. घामानं मऊ झालेली कातडी, त्यात बारीक कच. फोड असाच येतो. सांगवीच्या अलीकडे माझ्या उजव्या तळव्याला आला, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा.

मागून कर्णे लावलेला एक टेम्पो आला. आईच्या नावानं इतका कर्कश आवाज का लागतो? छातीत धडधड होते, म्हाताऱ्या बायका कान झाकून बाजूला होतात, आराध्यांचा संबळ ऐकू येत नाही. अन्नदानाच्या मांडवापुढे कागदी पेल्यांचा थर, त्यावर सांडलेली खिचडी, आणि त्यातूनच अनवाणी पायांनी जायचं. वाढणाऱ्यांनी दहा पावलांवर एक पोतं बांधलं तरी पुरे. मला त्या दुपारी फार राग आला होता.

रस्त्याला लागून एका वस्तीसमोर सोयाबीनची गंज लागली होती, वर ताडपत्री. तिथून एक बाई उठून आली.

“ओ ताई, लंगडताव. बसा हितं. पाय दावा.”

माझं उत्तर ऐकायच्या आधी तिनं घमेल्यात कोमट पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं. दहा मिनिटं पाय त्यात. मग कोरड्या फडक्यानं टिपून, पुसून नव्हे. पुसलं की फोडाची साल निघते. सुई चुलीच्या जाळावर लाल होईपर्यंत धरली, निवू दिली, आणि फोडाच्या मधोमध न टोचता कडेला, खालच्या बाजूनं टोचली. पाणी आपल्या भारानं निघून गेलं. वरची साल तिनं तशीच ठेवली. तीच झाकण असते, ती काढली की आतलं लाल मांस डांबराला लागतं आणि चालणं संपतं. बरेचजण सुईतला दोरा फोडात ठेवतात. ते करू नये, दोऱ्यावाटे धूळ आत जाते. तिनंही दोरा ओवला नव्हता. वर माझ्याकडची कागदी चिकटपट्टी लावली, सुरकुती न पाडता, बोटानं चारी कडा दाबून. एक सुरकुती राहिली तर तिथंच दुसरा फोड.

हे करताना तिचं लक्ष सारखं पश्चिमेकडे. ढगाची एक रेघ होती. मळणीची मशीन दुसऱ्या दिवशी येणार होती.

“तुमी येत नाही?” मी विचारलं.

“कुठनं येणार? माल उघड्यावर हाय.” तिनं पदराची गाठ सोडली आणि रुपयाचं नाणं माझ्या हातात दिलं. “चिंतामणीला इचारा, मळणीपातूर पाऊस येतो का. मग आईच्या पेटीत टाका.”

माळुंब्रे कधी गेलं आठवत नाही. पट्टी टिकली.

घाटाच्या पायथ्याशी तुळजापूरच्या नणंदेची नात आम्हाला सामोरी आली, सात वर्षांची. चतुर्दशीचा चंद्र वर आला होता. घाटशीळचं देऊळ दिसल्यावर तिनं माझा हात दाबला आणि कुजबुजली, “आता हळू बोल. उठेल.” हे तिला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. वरच्या वळणापर्यंत आम्ही दोघी पाय आपटत गेलो. फोड ठणकत होता आणि मला रडू येत होतं.

पहाटे आई सिंहासनावर आली. रांग इतकी की बऱ्याच जणांनी कळसाचं दर्शन घेऊन परत फिरायचं ठरवलं. मंदिरात उतरताना पोटऱ्या कळवळतात, चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, म्हणून कडेला धरून तिरकं पाऊल टाकावं. कल्लोळ तीर्थात पाय बुडवले ते चिकटपट्टी पाण्याबाहेर ठेवूनच.

चिंतामणीचा दगड गोल आहे. खाली नाणं ठेवायचं, दोन्ही तळवे हलके टेकायचे, मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे नाही, जागेवर राहिला तर वेळ लागेल. हाताच्या नकळत दाबानंही तो फिरू शकतो, हे मला समजतं. पोरीला मी ते सांगितलं नाही. तिनं बाईचं नाणं ठेवलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं विचारलं, “सांगवीच्या मावशीचं सोयाबीन भिजेल का?”

दगड डावीकडे गेला.

नाणं पेटीत टाकलं, पण पोरीला मावशीला लगेच सांगायचं होतं. यात्रेत सोलापूरचा रस्ता गाड्यांना बंद, परतीच्या एसटी दुसऱ्या वाटेनं जातात, सांगवी लागतच नाही. ती हटून बसली. शेवटी एसटीच्या रांगेशेजारून तामलवाडीकडे पायी परतणारी चार पोरं जाताना दिसली. तिनं पळत जाऊन त्यांना अडवलं. रस्त्याकडेची वस्ती, ताडपत्रीची गंज, दारात घमेलं, सगळ्या खुणा तिनं माझ्याकडून विचारून विचारून त्यांना दिल्या आणि निरोप स्वतः सांगितला:

“मावशीला म्हणावं, नाही म्हणाली. पण मशीन आजच लावा.”