पाच की दहा?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी समुपदेशन करते. शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) तपासणी विभागात काम करणारे, तिशीच्या आतले एक डिप्लोमाधारक माझ्याकडे येत असत. शाळेत मार्क चांगले पडत असल्याने कोणाला शंका आली नव्हती. स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले ते नोकरी लागल्यावर. कारखान्याची तक्रार एकच होती : "कामाला चोख आहे, पण उलट बोलतो."

सहा महिने मी त्यांच्याकडून समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलण्याचा सराव करून घेतला. "आत्ता काय वाटतंय?" या माझ्या ठरलेल्या प्रश्नावर ते "पोट आवळलंय" असे सांगत, आणि मी ती टाळाटाळ समजत असे. अनेक स्वमग्न व्यक्तींना भावनेला नाव देणे जड जाते, हे मी शिकलेले होते, तरीही.

शेवटी त्यांची संमती घेऊन मी कारखान्यात गेले. तपासणीचे टेबल फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, ग्राइंडरला जवळजवळ खेटून होते. कास्टिंगच्या कडा घासताना उठणाऱ्या कर्कश आवाजाने वीस मिनिटांत माझेच डोके ठणकू लागले. हे गृहस्थ तिथे रोज आठ तास बसत होते. तेवढ्यात सुपरवायझर लगबगीने आले आणि जाता जाता म्हणाले, "ह्ये पाच-धा पीस जरा बघून ठेव की."

या गृहस्थांनी व्हर्निअर (माप घेण्याचे साधन) खाली ठेवला आणि विचारले, "पाच की दहा?"

"बघा मॅडम, हे असं असतंय!" सुपरवायझर माझ्याकडे वळून म्हणाले.

नग किती आणि त्यांत बघायचे काय, हे मी सुपरवायझरनाच विचारले. त्यांनी मोजले, तर नग सात निघाले. बोअरचा (आतल्या छिद्राचा) व्यास मोजून नापास नग वेगळे काढायचे होते. म्हणजे प्रश्न रास्तच होता. आपल्या बोलण्यातले 'पाच-दहा' हे पाचही नसतात आणि दहाही नसतात, आणि 'जरा' म्हणजे बहुतेक वेळा 'आत्ताच्या आत्ता' असते, हे मलाही त्या दिवशीच नीट ऐकू आले.

व्यवस्थापकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागितले. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील 21 प्रकारांत स्वमग्नता येते, त्यामुळे ते मिळू शकते. पण बहिणीची स्थळे पाहणे चालू असल्याने घरचे त्याला तयार नव्हते. नग किती आणि बघायचे काय, याची चिठ्ठी लिहून देण्यासाठी आणि इअरमफ पुरवण्यासाठी प्रमाणपत्र कशाला हवे, असे मी म्हटले. दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. टेबल मात्र अजून तिथेच आहे.

पुढच्या भेटीत मी नजरेच्या सरावाचा तक्ता फाईलमधून काढून टाकला. त्यावर त्यांनी रोज इमानाने खुणा केल्या होत्या. ते म्हणाले, "साहेबांच्या भुवयांच्या मध्ये बघत मी मनात तीनपर्यंत मोजायचो. तेवढ्यात ते काय सांगायचे, ते निसटून जायचं."